गोमारचं लग्न आणि ओडिलोनचा गुडघा

आमच्या वाल्डरगेमच्या गोमारला लग्नाची घाई नव्हती. गेली तीन शतकं तो बिनलग्नाचा होता आणि चेहऱ्यावर त्याचं काही दुःख दिसत नव्हतं. अर्थात चेहरा लाकडाचा आहे. घाई होती ती ओडिलोनच्या डाव्या गुडघ्याला.

गोमार हा आमचा महापुरुष, म्हणजे मिरवणुकीतला पुतळा. दुमजली घराएवढा उंच, वेताच्या सांगाड्याचा, अंगात मखमली झगा, कमरेला तलवार, आणि आतून पोकळ. आतून पोकळ असून गावात मान असलेले आमच्याकडे इतरही आहेत, पण मिरवणूक फक्त गोमारची निघते. आमच्या फ्लँडर्स प्रांतात बऱ्याच गावांना असा एकेक असतो. त्यांची बारशी होतात, लग्नं होतात, पाद्री येऊन पाणी शिंपडतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी एक माणूस आत शिरतो, सांगाडा खांद्यावर घेतो आणि बेंबीच्या जागी असलेल्या जाळीतून रस्ता बघत गोमारला गावभर फिरवतो. आमच्याकडे हा माणूस म्हणजे ओडिलोन. धंद्याने छपरं शाकारणारा. त्याचं सगळं तारुण्य कौलांवर गेलं, आणि उरलेलं जग त्याने गोमारच्या बेंबीतून पाहिलं.

याबाबत आमच्या मंडळाचे नियम दोनच. पहिला: महापुरुष बिनलग्नाचा असेल तर त्याने मिरवणुकीत नाचायचं, लग्न झालेला असेल तर नुसतं चालायचं. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण करणारा विवाहित असावा. दुसरा: आतला माणूस एका वर्षी जरी शिरला नाही, तर त्याला पुन्हा कधीच शिरता येत नाही.

मार्च महिन्यात डॉक्टरांनी ओडिलोनला सांगितलं, "चालायला हरकत नाही. ओझं घेऊनही चाला. पण नाचलात तर गुडघा तिथेच राहील आणि तुम्ही पुढे जाल."

ओडिलोन तडक मंडळाच्या बैठकीला आला. बैठक फिरमिनच्या दुकानामागच्या खोलीत भरते. फिरमिन आमचा अध्यक्ष. गावातला खाटीक, सॉसेजसाठी तालुक्यात प्रसिद्ध. मी चिटणीस. शाळेत इतिहास शिकवतो म्हणून चिटणीस.

"गोमारचं लग्न करा," ओडिलोन म्हणाला. "ऑगस्टच्या आत."

"अरे, लग्न म्हणजे काय सॉसेज आहे, पिळलं की झालं?" फिरमिन म्हणाला. "त्यापेक्षा या वर्षी तू आराम कर. आमचा वेस्ली शिरेल."

वेस्ली म्हणजे फिरमिनचा जावई. डोकं थेट खांद्यांवर, मान अशी नाहीच, दंडावर डॉल्फिन गोंदवलेला. तो गेली काही वर्षं मिरवणुकीत ओडिलोनच्या मागे मागे चालायचा, जसं कुणी आजारी चुलत्याच्या घराकडे बघत चालतो.

"वेस्ली शिरेल?" ओडिलोनची बायको गोडेलीव म्हणाली. गोमारचे कपडे शिवणं, धुणं, त्याच्या दाढीतली कसर काढणं हे तिचं काम. "त्याला आधी स्वतःच्या शर्टात नीट शिरू दे."

मत घेतलं. लग्नाच्या बाजूने बहुमत झालं. फिरमिनला हसावं लागलं.

पण मुलगी? आसपासच्या गावांतल्या सगळ्या महास्त्रिया कधीच्या लग्न होऊन बसलेल्या. एक विधवा होती, पण तिच्या गावच्या मंडळाशी आमचं अठराव्या शतकापासून बोलणं नाही. तेव्हा देशाबाहेर बघायचं ठरलं. आमच्याकडे देशाबाहेर जाणं अवघड नाही. नको त्या वळणावर गाडी वळली तरी माणूस देशाबाहेर जातो.

अशा रीतीने एप्रिलमध्ये फिरमिन, ओडिलोन, गोडेलीव आणि मी, असे चौघे फिरमिनच्या सॉसेजच्या गाडीतून स्थळं बघायला निघालो. गाडीवर दोन्ही बाजूंनी हसणारं डुक्कर रंगवलेलं होतं. वरपक्षाला ते शोभत नाही असं मी म्हणालो, तर फिरमिन म्हणाला, "मास्तर, आपल्यापैकी हसतमुख तेवढं एकच आहे."

पहिलं स्थळ लक्झेंबर्गमधल्या ग्रेवेलबुर्गचं. मुलीचं नाव इर्मिना. मुलीकडच्या मादाम हॉफेल्सबाईंनी आमचं स्वागत एका भाषेत केलं, बसा दुसरीत म्हणाल्या आणि कुत्र्याला तिसरीत दटावलं. मुलगी दाखवायच्या आधी त्यांनी किल्ला दाखवायला काढला. छोट्या देशांचं हे एक आहे. घरी आलेल्याला ते पाणी विचारायच्या आधी तटबंदी दाखवतात.

"एवढ्याशा देशाला एवढा मोठा किल्ला कशाला?" फिरमिनने विचारलं.

"एवढासा देश उरलाय तो किल्ल्यामुळेच," बाई म्हणाल्या आणि खडकातल्या पायऱ्या उतरू लागल्या.

ओडिलोनने पायऱ्यांकडे पाहिलं. "मी इथेच बसतो. इतिहास वर आला की मला सांगा."

इर्मिना मात्र बघण्यासारखी होती. जुन्या मठाच्या सभागृहात उभी, निळा रेशमी पोशाख, खऱ्या केसांचा अंबाडा. गोडेलीवने जवळ जाऊन पोशाखाची शिवण उलटी करून पाहिली आणि मान डोलावली. गोडेलीवने मान डोलावणं म्हणजे काय, हे कळायला आमच्या गावात जन्म घ्यावा लागतो. ओडिलोनच्या तोंडावर, मार्चनंतर पहिल्यांदाच, रंग आला.

"मग, मिरवणुकीत ही कशी चालते?" त्याने विचारलं.

"चालते?" मादाम हॉफेल्स म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी चालत नाही. आमची मिरवणूक उड्यांची." आणि त्यांनी बाहीतून पांढरा रुमाल काढला, एक टोक मला धरायला दिलं, आणि सभागृहात एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर अशा उड्या मारत निघाल्या. मला बरोबर जावंच लागलं. बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं असावं.

"लग्न झालेल्यांनी सुद्धा?" ओडिलोनने क्षीण आवाजात विचारलं.

"लग्न झालेल्यांनी जास्त. आणि वर्षातून एकदा जावई इकडे येऊन तिच्याबरोबर उड्या मारणार, हे तर आलंच."

"वा!" फिरमिन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "याला म्हणतात संस्कृती! मास्तर, मला हे स्थळ पसंत आहे. आत्ताच हो म्हणून टाका."

"फिरमिन," गोडेलीव म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्या संस्कृतीचं नाव वेस्ली आहे."

आम्ही परत निघालो. मुलगी चांगली होती, घराणं चांगलं होतं, किल्ला तर फारच चांगला होता. पण सासर उड्या मारणारं होतं.

दुसरं स्थळ उत्तरेला, हॉलंडमधल्या वेल्डरकर्कचं. हॉलंडच्या लोकांबद्दल आमच्याकडे जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही; ते लोक आमच्याबद्दल जे बोलतात ते तरी कुठे छापतात. तिथल्या मंडळाच्या अध्यक्षा हिलेगोंडाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कॉफी दिली. मग बिस्किटांचा डबा फिरवला, प्रत्येकाने एक घेतलं, आणि झाकण लावून डबा कपाटात ठेवून दिला.

"बंद केला," फिरमिन माझ्या कानात म्हणाला. "मास्तर, डबा बंद केला."

"वय?" हिलेगोंडाबाईंनी सुरुवात केली.

"तीनशे," मी म्हणालो. "थोडं वर."

"कीड?"

"एकदा लागली होती. उपचार झाले."

"पितो?"

"तो नाही," गोडेलीव म्हणाली. "आतला पितो."

"प्रामाणिक आहात," हिलेगोंडाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे हे कौतुक समजलं जातं. मग त्यांनी आम्हाला तटावरून सायकलींवर फिरवलं. तारेसारखा तट, भोवती खंदक, खंदकात बदकं. ओडिलोन सगळ्यांच्या पुढे. सायकल त्याच्या गुडघ्याला मानवत होती. "या देशात माणसाला वाकावं लागत नाही, नाचावं लागत नाही," तो म्हणाला, "आणि यांना आपण इतकी वर्षं हसत होतो."

माख्तेल्ट एका गोदामात उभी होती. राखाडी पोशाख, पांढरी टोपी, हात पोटाशी जुळवलेले, चेहऱ्यावर असा भाव की आता कुणीतरी उशिरा आल्याचं कारण सांगणार आहे. गावाच्या कुठल्याशा महोत्सवासाठी तिला अलीकडेच बनवलेली. वयाने ती फिरमिनच्या गाडीहून लहान. आणि ती चाकांवर होती.

"चाकं?" मी विचारलं.

"कुणाच्याही खांद्याला इजा होऊ नये म्हणून," हिलेगोंडाबाई म्हणाल्या. "मागे एकजण ढकलतो. हा हातब्रेक."

फिरमिनने मला कोपऱ्यात ओढलं. "नवरी हातब्रेकवाली? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आत कुणी शिरतच नाही?" ओडिलोनने विचारलं. तो जरा हळवा झाला होता. "आत अगदी रिकामी?"

"आत साठवणीची जागा आहे," हिलेगोंडाबाई म्हणाल्या. "छत्र्या ठेवतो."

आता सांगाडा तपासायचा होता. वेत कसा विणलाय हे आतून पाहिल्याशिवाय आमच्याकडे सोयरीक होत नाही. पण आमच्याकडे हेही आहे की लग्नाआधी परक्या पुरुषाने महास्त्रीच्या झग्याखाली जायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी गेलं तर त्याने बघायचं नाही. तेव्हा गोडेलीव आत शिरली आणि फिरमिन, ओडिलोन नि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

"हे काय चाललंय?" हिलेगोंडाबाईंनी विचारलं.

"मर्यादा," मी भिंतीला म्हणालो.

"ती वेताची आहे."

"तरी."

झग्यातून गोडेलीवचा आवाज आला. "वेत चांगला आहे. गाठी सरळ आहेत. अगं बाई, केवढ्या छत्र्या!" मग छत्र्या सरकवल्याचा आवाज. "ओडिलोन, मुलगी स्वच्छ आहे. हो म्हण."

"आणि मिरवणुकीत ही नाचत वगैरे नाही ना?" ओडिलोनने भिंतीला विचारलं.

"ब्रेक काढला की पुढे जाते, लावला की थांबते," हिलेगोंडाबाई म्हणाल्या. "संसारात याहून जास्त काय लागतं?"

ओडिलोनने भिंतीवर हात टेकला आणि रडला.

लग्न ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ठरलं. त्यात एकच अडचण निघाली. लग्न लागायच्या आधी, नगरभवनासमोर नवऱ्याने बिनलग्नाचा म्हणून शेवटच्या तीन गिरक्या घ्यायच्या, अशी पद्धत असल्याचं फिरमिनने बैठकीत सांगितलं. मी म्हणालो, आपल्या गावात महापुरुषाचं लग्नच कधी झालेलं नाही, तर पद्धत कुठून आली? फिरमिन म्हणाला, "म्हणूनच ती मोडलेली नाही." मी खाली वहीत बघत राहिलो आणि ठराव पास झाला.

"तीन गिरक्या ना," ओडिलोन म्हणाला. "तीन घेतो. मग जन्मभर चालतो."

लग्नाच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. चरबीत तळलेल्या गोड भज्यांचा वास सुटला होता. माख्तेल्ट छत्र्या काढून, ब्रेक लावून नगरभवनाच्या दारात उभी. बँड सुरू झाला. गोमारने पहिली गिरकी घेतली, झगा छत्रीसारखा फुलला, लोक ओरडले. दुसरी घेतली. तिसरी निम्मी झाली, आणि झग्याच्या आतून ओल्या फळीसारखं काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गोमार हलला. मग तो सावकाश, तलवार सावरत, डाव्या बाजूने खाली बसत गेला आणि नवरीच्या पायाशी, म्हणजे चाकांशी, एका गुडघ्यावर टेकला.

तीन शतकांत गोमार कुणापुढे वाकला नव्हता. स्पॅनिश आले, ऑस्ट्रियन आले, फ्रेंच आले, कुणापुढे नाही. आणि आता एका राखाडी पोशाखातल्या परदेशी मुलीपुढे त्याने गुडघा टेकला होता.

बायका रडू लागल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. पाद्रीबुवांनी लग्न लावलं. "आहे का कबूल?" त्यांनी विचारल्यावर गोमारच्या बेंबीतून जो आवाज आला तो होकार होता की नाही, हे गोडेलीव सोडून कुणाला कळलं नाही. ती झग्याखाली घुसली होती.

"ऊठ," ती म्हणत होती.

"कशावर उठू?" ओडिलोन म्हणाला.

शेवटी चौघांनी आत शिरून गोमारला उचललं आणि तो अदबीने, कुठेही न नाचता, नवरीबरोबर गावभर चालला. मिरवणूक पुरी होईपर्यंत ओडिलोन आतच होता. आमच्या नियमात तो स्वतःच्या पायावर उभा असावा असं म्हटलेलं नाही.

हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जुना काढून नवा बसवला. वसंतात तो काठीशिवाय बैठकीला आला, खुर्चीभोवती एक चक्कर मारून दाखवली आणि म्हणाला, "ऑगस्टला तयार. आता तर नुसतं चालायचंच आहे."

फिरमिनने घसा खाकरला. "चालायचं आहेच. आणि गुडघा टेकायचा आहे."

"कुठला गुडघा?"

"गोमारने नवरीपुढे टेकला तोच, डावा. मिरवणुकीत नगरभवनासमोर दर वर्षी टेकायचा. गावाची परंपरा आहे."

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या ऑगस्टपासून. मास्तर, तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला काय सांगायचं. एकदा घडला तर अपघात. लोक रडले तर परंपरा. बेकरीवाल्यांनी गुडघ्यावर बसलेल्या गोमारची बिस्किटं काढलीत. खपतायत."

ओडिलोनचा चेहरा उतरला. नव्या गुडघ्याचं डॉक्टरांनी नीट समजावून दिलं होतं. चाला, जिने चढा, सायकल चालवा. अगदी वाटलं तर नाचा, आता तो पोलादाचा आहे. पण त्यावर कधीही टेकून बसायचं नाही. त्यावर टेकलं की पोलाद जिंकतं, माणूस हरतो.

"वेस्लीचे दोन्ही गुडघे स्वतःचे आहेत," फिरमिन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

मत घेतलं. बिस्किटं सगळ्यांनी खाल्लेली होती. परंपरा पास झाली.

दोन आठवडे ओडिलोन घराबाहेर पडला नाही. तो बरा आहे का बघायला मी गेलो, तर तो स्वयंपाकघरात बसून भिंतीकडे बघत होता आणि गोडेलीव गोमारचा झगा इस्त्री करत होती.

"मास्तर," ओडिलोन म्हणाला, "लग्न झालेला गुडघा टेकतो. बिनलग्नाचा?"

"बिनलग्नाचा नाचतो."

"नाचायला मला डॉक्टरांची परवानगी आहे."

मी गोडेलीवकडे पाहिलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली. "मग सोडवून घ्या त्याला," ती म्हणाली.

"अगं, महापुरुषाचा घटस्फोट? असं कधी कुठे झालेलं नाही."

"तीन गिरक्याही कुठे झाल्या नव्हत्या," गोडेलीव म्हणाली. "त्या वेळी तुम्ही खाली बघत होतात."

पाद्रीबुवांनी घटस्फोटाला साफ नकार दिला. चर्चच्या विधीने लागलेलं लग्न मोडत नाही, ते म्हणाले; फार तर मुळात लागलंच नव्हतं असं ठरतं. त्यांनी विचारलं, "नवराबायको एका छताखाली राहिले का?"

"नाही," मी म्हणालो. "गोमार आमच्या शेडमध्ये झोपतो. माख्तेल्ट चाकांमुळे दारातून आत आली नाही. तिला परत न्यावं लागलं."

"एक दिवसही नाही?"

"तिचा ब्रेक काढूनसुद्धा नाही."

पाद्रीबुवांनी थोडा विचार केला. दोन्ही पक्षांची तक्रार नसेल तर त्यांची हरकत नव्हती. मी हिलेगोंडाबाईंना फोन लावला आणि अर्धा तास प्रस्तावना केली. गोमारचा दोष नाही, माख्तेल्टचा तर नाहीच, दोन्ही देशांच्या मैत्रीला...

"मंगळवारी चालेल," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मास्तर, छत्र्या ठेवायला आम्हाला जागा कमी पडत होती."

फिरमिनने बैठकीत आकांडतांडव केलं. गावाची अब्रू, बिस्किटं, रडलेल्या बायका, सगळं काढलं. गोडेलीवने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "फिरमिन, लग्न लागलंच नव्हतं असं पाद्रीबुवा म्हणतात. तू त्यांच्यापेक्षा मोठा का?"

फिरमिनच्या दुकानात रविवारी चर्चमधून सुटलेली माणसंच रांग लावतात. तो खाली बसला. मत घ्यावं लागलं नाही.

या ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गोमार पुन्हा नाचत निघाला. हिलेगोंडाबाई आणि त्यांचं मंडळ बघायला आलं होतं. माख्तेल्टला आणलं नव्हतं, ते बरं दिसलं नसतं. नगरभवनासमोर काही लोक "गुडघा! गुडघा!" असं ओरडले. त्यांच्या हातांत बिस्किटं होती. गोमारने थांबून त्यांच्याकडे पाहिलं, किंवा आम्हाला तसं वाटलं, आणि मग तो असा काही फिरला की त्याच्या झग्याच्या वाऱ्याने पुढच्या रांगेतल्या टोप्या उडाल्या. चौथी गिरकी, पाचवी, सहावी. वेस्ली मागे चालत होता, त्यालाही पळावं लागलं. गोडेलीव हातात टॉवेल घेऊन बाजूने धावत होती आणि ओरडत होती, "हळू, अरे मेल्या, हळू! अजून बाजारपेठ बाकी आहे!"

मी नेमका त्याच्या वाटेत उभा होतो. गोमार माझ्यासमोर येऊन थांबला. बेंबीच्या जाळीतून घामेजलेलं एक नाक दिसलं.

"मास्तर," ओडिलोन आतून म्हणाला, "सरका की जरा. अजून एक घ्यायचीय."

मी सरकलो.